शेकोटी आणि चित्रांचे पुस्तक



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभ्या राहिलेल्या माणसाने काहीतरी भारदस्त विषय घ्यावा, असा एक संकेत आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा घातली, तेव्हापासून या व्यासपीठांवर राज्यकारभार, अर्थकारण, समाजसुधारणा आणि तत्त्वज्ञान यांचीच चर्चा अधिक होत आली आहे. अशा ठिकाणी चित्रांच्या पुस्तकांविषयी आणि थंडीत वाचावयाच्या गोष्टींविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच. त्यातून बाहेर ऊन असे तापले आहे, की शेकोटी हा शब्द उच्चारताच आपण उठून जाल की काय, अशी आम्हांला भीती वाटते. पण हा विषय आम्ही उन्हाळ्यातच का काढला, त्याला एक कारण आहे. ते शेवटी सांगू. तोवर आपण बसून राहावे, एवढीच विनंती.

प्रथम एक गैरसमज दूर करू. चित्रांची पुस्तके ही लहान मुलांसाठी असतात, अक्षरे येऊ लागली की ती सोडून द्यावयाची असतात, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपल्या घरातली मोठी माणसे पिढ्यान् पिढ्या चित्रे वाचीत आली आहेत. श्रावण लागला की देवघराजवळच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागतो, तो आठवून पाहा. त्यावर नरसिंह असतो, कालियाच्या फण्यावर उभा असलेला कृष्ण असतो, मुलांना खेळविणाऱ्या जरा-जिवंतिका असतात, आणि हत्तीवर बसलेला बुध व वाघावर बसलेला बृहस्पती असतात. हा एक कागद म्हणजे महिन्याभराचे सचित्र पुस्तकच आहे. कोणत्या वारी कोणाची कहाणी सांगावयाची, हे तो कागद सांगतो. ज्या आजीला अक्षरओळख नव्हती, तीही त्या कागदासमोर बसून शुक्रवारची कहाणी एकही शब्द न गाळता सांगत असे. तिला निरक्षर म्हणावे काय? अक्षर तिला येत नव्हते हे खरे. पण वाचावयास तिला येत होते.

या कागदात आमच्या विषयाची दोन्ही अंगे आली. एक चित्र, आणि दुसरा ऋतू. जिवतीची कहाणी माघात कोणी सांगत नाही. ती श्रावणात, बाहेर पाऊस असताना, पुरणाच्या वासात ऐकावयाची असते. गोष्ट तीच, दर वर्षी तीच; पण ती अकरा महिने आपल्याला भेटत नाही म्हणूनच भेटली की गोड लागते. आंबा बारमाही मिळू लागला तर त्याची वाट कोण पाहील?

सोलापूर जिल्ह्याला तर हे निराळे सांगावयास नको. वर्षाचे ऋतू आणि तिथी मांडून देणारे दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षे सोलापुरातून निघत आहे. आणि ज्यांच्या पोथ्या चातुर्मासात महाराष्ट्रभर वाचल्या गेल्या, ते श्रीधरस्वामी याच जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातील नाझरे गावचे. त्यांचा ‘हरिविजय’ शके १६२४ मध्ये, म्हणजे १७०२ साली, पंढरपुरात पुरा झाला. पुढे छापखाने आले. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाप्रेसवर पहिले मराठी पंचांग छापले, आणि त्यानंतर पोथ्याही छापून निघू लागल्या. त्यांत चित्रे आली. अध्याय उघडला की वर धनुष्य ओढणारा राम किंवा गोवर्धन उचललेला कृष्ण. पोथी वाचणारा एक असे. पण पान उलटताना माना पुढे करणारे दहा असत. श्रीधरस्वामींचा जन्म १६५८ सालचा मानतात. त्याच साली युरोपात कोमेनियस नावाच्या शिक्षकाने मुलांसाठी चित्रांतून जग दाखविणारे पुस्तक प्रसिद्ध केले. मुलांसाठी काढलेल्या सचित्र पाठ्यपुस्तकांत ते पहिल्या मानाचे समजले जाते. हा नुसता योगायोग आहे. पण इकडे कथा ओवीत घालून सोपी करणारा आणि तिकडे विद्या चित्रांत घालून सोपी करणारा, अशा दोघांचे नाते एका सालाने जुळावे, याची आम्हांला मौज वाटते.

पोथीच्या बाहेरही चित्रकथेची आपली परंपरा आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळी गावचे ठाकर समाजाचे कलावंत रामायण-महाभारताची चित्रे एकामागून एक श्रोत्यांपुढे धरतात आणि वाद्यांच्या साथीवर कथा गातात. याला चित्रकथी म्हणतात. ही कला टिकवून धरणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देण्यात आली. म्हणजे चित्र दाखवीत गोष्ट सांगणे ही काही विलायतेहून आलेली चीज नव्हे.

मात्र छापील, रंगीत आणि ऋतूच्या मुहूर्तावर येणारे पुस्तक आपल्याकडे दिवाळी अंकाच्या रूपाने आले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळचे खास अंक तेव्हा इकडच्या शिकलेल्या लोकांना ठाऊक होते. तिकडे नाताळ आणि गोष्ट यांची सांगड पक्की बसलेली होती. डिकन्सची नाताळची प्रसिद्ध कथा १८४३ सालच्या डिसेंबरात निघाली, तीच मुळी जॉन लीचच्या चित्रांसह. बाहेर बर्फ पडते आहे, आत चूल पेटलेली आहे, आणि कोणीतरी मोठ्याने वाचते आहे, असा तो थाट. आपल्याकडे बर्फ नाही. पण दिवाळीची पहाट आहे, उटण्याचा वास आहे, फराळाचे ताट आहे. त्या ताटाशेजारी मित्रांनी अंक आणून ठेवला, आणि मराठी माणसाने तो फराळाइतकाच आपला मानला.

पुढे १९४५ पासून दीनानाथ दलालांचा ‘दीपावली’ निघू लागला. दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोन चित्रकारांनी मराठी घराला रंग पाहावयास शिकविले, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. अंक आला की आधी मुखपृष्ठ पाहावयाचे, मग आतली चित्रे, मग व्यंगचित्रे, आणि त्यानंतर कथा. एका घरात एक अंक. त्यामुळे वाट पाहावी लागे. मधल्या सुट्टीत कोणी अंक पळविला म्हणून भावंडांची भांडणे होत. अंक फाटे, पण फेकला जात नसे. त्याचे मुखपृष्ठ पुढे चौकटीत जाऊन भिंतीवर बसे.

मुलांच्या वाट्याला १९५२ साली ‘चांदोबा’ मराठीतून आला. मद्रासेत १९४७ साली सुरू झालेल्या ‘चंदामामा’चे हे मराठी रूप. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम राजा ज्यांनी आपल्या डोळ्यांपुढे कायमचा उभा केला, ते चित्रकार शंकर २०२० साली वारले. त्याआधीच काही वर्षे मासिक बंद पडले होते. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ सालच्या नोव्हेंबरात सुरू झाले. ते अजून निघते, आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर फुकट पाहावयास मिळतात. याच काळात मॉस्कोहून रशियन पुस्तके मराठीत येत, गुळगुळीत कागदाची आणि स्वस्त. त्यांत झोपडीच्या छपरावर हातभर बर्फ साचलेले असे आणि खिडकीतून पिवळा उजेड दिसे. आमच्याकडच्या मुलांनी बर्फ कधी पाहिले नव्हते. पण त्या पिवळ्या उजेडाचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. आत ऊब आहे, कोणीतरी वाट पाहते आहे, हे चित्राने सांगितले होते.

येथे या वाचनाच्या सुखाचे मर्म सापडते, असे आम्हांला वाटते. अक्षरे आपल्याला पुढे ओढतात. चित्र आपल्याला थांबविते. वाक्य संपले की पुढच्या वाक्यावर जावे लागते. चित्रात मात्र हवा तितका वेळ राहता येते. म्हणून चित्राच्या पुस्तकाशी दोघे बसू शकतात, एक वाचणारा आणि एक नुसता पाहणारा, आणि कोणी मागे पडत नाही. ऋतूच्या गोष्टीचेही तसेच. ती आपल्याला नवे काही कळविण्यासाठी येत नाही. ‘वर्ष फिरून आले, आपण पुन्हा एकत्र बसलो आहोत,’ हे सांगण्यासाठी ती येते. गेल्या वर्षी जवळ बसलेले एखादे माणूस या वर्षी नसते, हेही ती गोष्टच आपल्याला जाणवून देते.

आता आम्ही उजनीच्या काठी येतो.

माढा तालुक्यात उजनी गावाजवळ भीमेवर धरण बांधले गेले आणि १९८० साली ते पुरे झाले. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावेल एवढा हा यशवंतसागर. त्याचा फुगवटा करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत अशा तालुक्यांत पसरला आहे. या पाण्याने दुष्काळी मुलखात ऊस आणला, केळी आणली, सोलापूरची तहान भागविली. आणि या पाण्याखाली गावे गेली. गावांची नावे वर येऊन नव्या गावठाणांना चिकटली; देवळे, पार, वाडे आणि वेशी खाली राहिल्या.

या काठच्या मुलाचे ऋतू छापील पुस्तकातल्या ऋतूंसारखे नाहीत. आमच्या बहुतेक पुस्तकांतला पावसाळा कोकणातला किंवा पुण्याचा असतो. कौलारू घर, धो धो पाऊस, कागदी होड्या. येथे आभाळ कोरडे असते आणि पाणी मात्र चढत असते, कारण पाऊस पडतो तो वर घाटमाथ्यावर आणि पूर येतो तो खाली आमच्या दारात. हिवाळा येथे पक्ष्यांवरून कळतो. हिमालयाकडून चक्रवाक येतात. लांब पायांचे, गुलाबी पंखांचे रोहित पक्षी येऊन उथळ पाण्यात रांगेने उभे राहतात. त्याच वेळी ज्वारी हुरड्यात येते, आगटी पेटते, आणि ऊसतोडणीच्या टोळ्या गावाबाहेर कोप्या घालतात. उन्हाळ्यात पाणी उतरते. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. आणि पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन देऊळ, कुगावचा इनामदारांचा वाडा अशी पाण्यात गेलेली बांधकामे हळूहळू डोके वर काढतात. एवढे चित्रमय वर्ष ज्या मुलखाला लाभले, तेथल्या मुलांच्या हाती त्या वर्षाचे चित्रांचे एकही पुस्तक आम्ही पाहिलेले नाही.

काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. पौषातल्या एका संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या काठावरच्या एका गावी आम्ही हुरड्याला गेलो होतो. पिशवीत ‘चांदोबा’ आणि ‘किशोर’चे जुने अंक होते. आगटीत कणसे भाजत होती. हातावर चोळलेला हुरडा, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी यांचा समाचार चालला होता. मुले भोवती जमली, तसे आम्ही अंक काढून वाचू लागलो. थोड्या अंतरावर तोडणीवाल्यांची तीन-चार मुले उभी होती. यजमानांनी बोलाविले तेव्हा ती संकोचत आली. त्यांतल्या आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीला वाचता येत नव्हते. आम्ही वाचीत होतो त्या गोष्टीत रानातल्या झोपडीचे चित्र होते. ती बराच वेळ त्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “ह्या कोपीला दारच न्हाई. रातच्याला वारं आत येईल की.”

चित्रकाराने दार काढावयाचे राहून गेले होते. आम्ही तो अंक किती वेळा पाहिला असेल! पण आमच्या ते ध्यानात आले नव्हते, कारण आम्ही कधी पाचटाच्या कोपीत थंडी काढलेली नव्हती. थंडीच्या गोष्टी वाचण्यात केवढी मौज आहे, असे आम्ही लोकांना सांगत फिरतो. पण ज्या चार महिन्यांत आपण ही मौज लुटतो, त्याच महिन्यांत आपल्या शिवारात शेकडो मुले शाळा सोडून उघड्यावर राहतात, हे त्या मुलीने एका वाक्यात आमच्या पदरात घातले.

त्याच वेळी यजमानांच्या घरातली एक वृद्ध आजी पुढे सरकली. दुसऱ्या एका चित्रात गावचा पार आणि मारुतीचे देऊळ होते. ती म्हणाली, “आमच्या जुन्या गावात पार ह्या अंगाला नव्हता.” मग तिने आगटीतला एक विझलेला कोळसा उचलला, सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा कागद पसरला आणि काढावयास सुरुवात केली. ही वेस, हा पार, ही सुताराची ओसरी, ही नदीकडे उतरणारी वाट, हा घाट. तिचा नातू वाकून पाहत होता. त्याने विचारले, “आज्जे, यात पाणी कुठं हाय?” ती म्हणाली, “तवा पाणी नव्हतं, बाळा. नदी होती.”

श्रोतेहो, आमच्या आयुष्यात पाहिलेल्या चित्रांत ते चित्र आम्ही फार वर मानतो. पण तो कागद आम्ही जपला नाही. हुरडा झाला, गप्पा झाल्या, उशीर झाला म्हणून आम्ही निघालो. कागद तेथेच राहिला. सकाळी चूल पेटविताना तो गेला असावा. पुढल्या हिवाळ्यात वह्या आणि पेन्सिली घेऊन आम्ही मुद्दाम त्या गावी गेलो, तेव्हा आजी नव्हती. हा दोष कोणाचा नाही, आमचा आहे. आणि तो आम्हांला अजून टोचतो.

आता कोणी म्हणेल, चित्रांची एवढी काय वाण आहे? प्रत्येक घरात मोबाइल आहे, मुले दिवसभर चित्रेच पाहतात. ते खरे आहे, आणि त्या यंत्राला शिव्या देण्यासाठी आम्ही येथे आलो नाही. ‘किशोर’चे जुने अंक त्यावरच पाहता येतात, हे आम्हीच सांगितले. परंतु ती चित्रे थांबत नाहीत. कोपीला दार नाही, हे कळावयास चित्र स्थिर असावे लागते आणि शेजारी ऐकणारे कोणी असावे लागते. दुसरे कोणी म्हणेल, जेथे मुलांच्या अंगावर पुरते पांघरूण नाही, तेथे गोष्टींचे चोचले कशाला? हा आक्षेप वजनदार आहे. आमचे उत्तर एवढेच, की पांघरूण आधी द्यावे, यात वाद नाही. पण त्या मुलीने आमच्याकडे पांघरूण मागितले नाही. तिने पान उलटावयास सांगितले. पुढे काय झाले, हे जाणण्याची भूक गरिबाला नसते, असे समजणे हा गरिबीवर आणखी एक अन्याय होय.

म्हणून तीन लहान गोष्टी सुचवून आम्ही आपली रजा घेऊ.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, आणि आज गावोगाव वाचनालये आहेत. तेथे जाऊन पाहा. बहुधा स्पर्धापरीक्षांची जाड पुस्तके आणि कुलूपबंद कादंबऱ्या दिसतील. प्रत्येक वाचनालयात जमिनीपासून दोन हात उंचीचे, कुलूप नसलेले, फक्त चित्रांच्या पुस्तकांचे एक फडताळ असावे. पुस्तके फाटतील. फाटू द्यावीत, न फाटलेले बालपुस्तक म्हणजे न वाचलेले बालपुस्तक.

दुसरे, मार्गशीर्ष-पौषात आठवड्यातून एक संध्याकाळ शेकोटीपाशी वाचन व्हावे, आणि ती शेकोटी कोप्यांपासून लांब नसावी.

आणि तिसरे, ज्यासाठी हा थंडीचा विषय आम्ही या उन्हात काढला. या दिवसांत उजनीचे पाणी उतरत असते. जुन्या गावांच्या खुणा उघड्या पडतात त्या याच महिन्या-दोन महिन्यांत. मग घाटावर पाऊस लागला की त्या पुन्हा जातात. धरण पुरे झाले तेव्हा जो वीस वर्षांचा होता, तो आज पासष्टीच्या पुढे आहे. असा एक वडीलधारा माणूस, चार मुले, एक चित्रकलेचा शिक्षक आणि एक वही, एवढे घेऊन काठावर जावे. त्यांनी सांगावे, मुलांनी काढावे. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल. कोळशाने काढलेले आम्ही पाहिले आहे. ती चित्रे एकत्र करून येत्या दिवाळीला गावाने आपला एक अंक काढावा. छापणे परवडले नाही तर हाताने लिहावा. एकच प्रत निघाली तरी चालेल. ती त्या बिनकुलपाच्या फडताळात ठेवावी, आणि हिवाळ्यात रोहित पक्षी आले, आगटी पेटली, की बाहेर काढून मोठ्याने वाचावी.

पण हे येत्या पावसाच्या आत झाले पाहिजे. पाणी दर वर्षी उतरते आणि गाव दर वर्षी वर येते. सांगणारे माणूस मात्र दर वर्षी राहीलच, असे नाही.